व्हय म्हणायला कोण हाय?

उपवासाचा साबुदाणा आपण वाटीभर भिजत घालतो आणि सकाळी बघावं तर भांडं भरून वर आलेलं असतं. आमच्या ऑनलाइन साहित्य संमेलनाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. लॉकडाऊनमध्ये एक-दोनच होते. मग भिशीत सांगितले, हळदीकुंकवाला सांगितले, आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं, “अगं, पण ते समईचं राहिलंच की!” आता भांडं ओसंडायला लागलंय, म्हणून लिहून टाकते. संमेलनातली मंडळी हे वाचणार नाहीत याची मला खात्री आहे. ती फक्त लिहितात.

आधी थोडं सांगायला हवं. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, नदीकाठचं. दर वर्षी शाळेच्या पटांगणात छोटंसं साहित्य संमेलन भरतं. ते सुरू केलं नानांनी. नाना म्हणजे आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. संमेलनाला घटना नाही, नियमावली नाही. रीत एकच. सगळं संपलं की नाना माइकपाशी येतात आणि समोरच्या श्रोत्यांना विचारतात, “पुढल्या साली घ्यायचं का?” समोरून “व्हय!” असा दणदणीत आवाज आला की ठरलं. नाही आला तर संमेलन कायमचं बंद. आजवर तशी वेळ कधी आली नाही. माझे दीर संपतभावजी म्हणतात, “यायची कशी? ‘व्हय’ म्हटल्याबिगर पंगत बसत न्हाई!”

लॉकडाऊनच्या साली नाना साताऱ्याला लेकाकडे गेले आणि तिथंच अडकले. गावातल्या सगळ्या सुना त्यांच्या ‘सूनबाई’च. फोनवर म्हणाले, “सूनबाई, समोर माणूसच न्हाई तर विचारू कुणाला? उद्यापन करून टाकू.”

मी जन्मभर व्रतं केलेली बाई. उद्यापन व्रत पुरं झाल्यावर करतात, दमल्यावर नाही. म्हटलं, “नाना, मोबाइलवर घेऊ. शेवटी तुम्ही नेहमीसारखं विचारा. आवाज नाही आला तर मग तुम्ही म्हणाल तसं.”

“आवाजच आला पायजे हां. त्ये अंगठं-बिंगठं चालायचं न्हाईत.”

“आवाजच येईल, नाना.”

बोलून बसले खरी!

* * *

कार्यकारिणीची पहिली ऑनलाइन मीटिंग होती. आमचे हे संमेलनाचे कार्यवाह, म्हणून फोन आमच्या टेबलावर. एका सभासदाचं नुसतं कपाळ दिसत होतं, एकाचा पंखा. अध्यक्ष सुभेदार आप्पा, साताऱ्याचे, फौजेतनं रिटायर झालेले. त्यांची फक्त मिशी दिसत होती, पण ती स्क्रीनभर. सगळे एकदम विचारत होते, “ऐकू येतंय का?” आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. म्हणजे नेहमीसारखीच मीटिंग!

मी चहा ठेवायला आले होते. आमच्या भजनी मंडळाची एकादशी आम्ही बायकांनी मोबाइलवरच केली होती, त्यामुळे मला चार बटणं ठाऊक. मी ती दाबून एकेकाला गप्प केलं. संमेलनाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

आप्पांना परत बोलता आल्यावर ते म्हणाले, “वैनींना होस्ट करा!”

मी ह्यांना विचारलं, “अहो, होस्ट म्हणजे?”

“यजमान.”

“यजमान तर तुम्ही.”

“ते घरात,” हे हळूच म्हणाले. “इथं तू.”

इतकी वर्षं संमेलनात माझी जागा चुलीपाशी. किती कवी आले ते मला भाकरी थापताना कळायचं. आता कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारात उभं करायचं आणि कुणाचं तोंड बंद करायचं, हे मी ठरवणार! दृष्टांत वगैरे नाही झाला, पण देव आहे एवढं पटलं.

* * *

उद्घाटनाला दीपप्रज्वलन. आप्पांनी साताऱ्यात आपल्या घरी समई लावायची आणि आपण सगळ्यांनी इथून बघायची, असं ठरलं. आप्पांनी फौजी शिस्तीत तयारी केली. समई, तेल, वाती, कोट, फेटा. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

पडद्यामागून सुभेदारीणकाकूंचा आवाज आला, “आवं, पंखा बंद करा की!”

“गप! लाइव्ह हाय!” आप्पा खेकसले. ते सगळ्या तालुक्यानं ऐकलं.

पंखा बंद झाला. वाती लागल्या. समई अशी काही उजळली की मी इथूनच हात जोडले. ह्यांनी फोटो काढला. आप्पांनी “झाला का फोटो?” असं विचारलं, वाकले, छाती भरून घेतली आणि फूऽऽ!

समई विझली. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. देवाचा दिवा कुणी फुंकरीनं विझवतं का?

“आप्पा, हे काय केलंत?” ह्यांनी विचारलं.

“नातवाच्या बड्डेची सवय, गड्या,” आप्पा ओशाळून म्हणाले.

पडद्यामागून काकू म्हणाल्या, “झालं! उद्घाटन आन समारोप, दोन्ही उरकलं.”

* * *

वाचकांना धरून ठेवायचं म्हणून ह्यांनी ‘रोज एक पान’ असा उपक्रम काढला. प्रत्येकानं आवडीचं एक पान मोठ्यानं वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की रेकॉर्डिंग कितीही लांब असो, ते उघडायच्या आत खाली “अप्रतिम!” येऊन पडतं.

हे संपतभावजींच्याही लक्षात आलं. भावजींची द्राक्षबाग आहे, आणि स्वभाव पहिल्यापासून खोडकर. त्यांनी फवारणीच्या औषधाच्या डब्यातला कागद घेतला आणि गळा दाटून आल्यासारखा वाचला. मागं त्यांची लेक पेटीवर सूर धरून!

“पाण्यात... मिसळून... फवारा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला... उभे राहू नका. हातमोजे... वापरा.”

ग्रुप भरून गेला. “निःशब्द!” “काळजाला भिडलं.” एका प्राध्यापकांनी लिहिलं, “वाऱ्याच्या विरुद्ध उभे राहू नका! आजच्या काळावर केवढं भेदक भाष्य!” एका कवयित्रीनं संग्रह कुठं मिळेल म्हणून विचारलं.

भावजींनी खरं तेच सांगितलं, “कृषी सेवा केंद्रात.”

शेवटी पुण्याहून जोडलेले समीक्षक पाहुणे अवतरले. त्यांनी मात्र परखडपणे लिहिलं, “रचना सशक्त आहे. पण ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ हा शेवट फार उपदेशपर झाला.”

* * *

याच समीक्षकांचं व्याख्यान होतं. विषय ‘वाचक कुठे हरवला?’ फार तळमळीनं बोलले. दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवयच समाजाला राहिली नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला. व्याख्यान संपलं. पुढचे कवी “नमस्कार” म्हणेपर्यंत समीक्षक हरवले!

कवींनी तीच रीत उचलली. आपली कविता झाली की स्क्रीनवरून गायब. अहो, पंगतीतसुद्धा शेवटच्याचं जेवण होईपर्यंत ताटावरून उठत नाहीत! होता होता उरले विट्याचे एक कवी आणि मी. त्यांना सगळ्यात शेवटचा नंबर दिला होता, आणि ते बिचारे इस्त्रीचा झब्बा घालून दुपारपासून बसले होते.

आमच्या रविवारच्या व्रतात कहाणी सांगायची तर ऐकणारं कुणीतरी लागतं. हातात अक्षता धरून हुंकार भरणारं. घरात कुणी नसलं तर वाटेनं जाणाऱ्याला बोलावून बसवायचं, पण ऐकवल्याशिवाय कहाणी पुरी होत नाही. म्हटलं, चला, आज आपणच वाटेनं जाणारं माणूस. मी माझा आवाज उघडला आणि प्रत्येक ओळीला “हं” म्हणत गेले.

कवींचा चेहरा असा खुलला! “वैनी, तुम्हाला कविता कळते!” म्हणाले आणि एका कवितेवर थांबायचे ते सुटलेच. मी हं, हं करते आहे, तिकडं कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय. शेवटी हे सोप्यातून ओरडले, “अगं, डाळ जळाली! सगळं घर धुरानं भरलं!”

मी सवयीनं म्हटलं, “हं.”

कवी थांबले. जरा विचार करून म्हणाले, “ही ओळ माझी नाही. पण चांगली आहे.”

* * *

नानांचा रोज दुपारी फोन यायचा. कोण बोललं, काय बोललं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. “ऐकायला कोन हुतं?” एवढंच. त्यांच्या कानाचं मशीन बिघडलेलं आणि दुरुस्तीचं दुकान बंद, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागायचं. त्यांची सून म्हणायची, दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघतात. रस्त्यावर त्या दिवसांत चिटपाखरू नव्हतं. माणूस गेलं तरी चौघं जमायची पंचाईत, असे ते दिवस. अशा माणसाला मी काय सांगणार? बोलणारे ढीगभर. ऐकणारा म्हणाल तर एकटा बिरू.

बिरू आटपाडीकडचा धनगर. मेंढरं घेऊन चारणीला आमच्या बाजूला उतरला होता, तो इथंच अडकला. भावजींच्या पडीक रानात त्याचा तळ पडला. भावजींनीच त्याला लिंक पाठवली. फोन काठीला बांधून तो रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर! समीक्षक जायचे, कवी जायचे, बिरू हलायचा नाही. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. तळागाळातला श्रोता म्हणून दोघा-तिघांनी त्याच्यावर कवितासुद्धा केल्या.

एका संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं, “बिरू, बेटा, आपल्या संमेलनातलं तुला काय आवडतं?”

“खरं सांगू का, आप्पा?”

“बिनधास्त!”

“तुमी लोक बोलाय लागला की लांडगं फिरकत न्हाईत.”

एका कवींनी जरा दुखावूनच विचारलं, “म्हणजे नेमकं कुणाच्या कवितेला?”

“समद्यांच्या,” बिरू मोठ्या मनानं म्हणाला. “पर आप्पांचं भाषण लागलं की आमचं कुत्रं बी लांब जाऊन बसतंय.”

दुसऱ्या दिवशी मी नानांना ओरडून सांगितलं, “नाना, एक जण रोज येतो. शेवटपर्यंत बसतो.”

“एक?” नाना म्हणाले. “एकाचा ‘व्हय’ साताऱ्यापतूर कसा यायचा, पोरी?”

* * *

समारोपाच्या दिवशी मी सकाळीच गणपतीला दूर्वा वाहिल्या. मागणं एकच होतं, ते त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी बघते तर सगळे हजर! समीक्षक, प्राध्यापक, कवी, झाडून सगळे. कारण उघड होतं. नाव घेऊन आभार मानायचे होते. आभारात व्यत्यय नको म्हणून मी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवले. ह्यांनी एकेकाचं नाव घेतलं, आणि नाव आलं की तो तो चेहरा जरा सरळ व्हायचा.

मग नाना पुढं सरकले. सुनेनं त्यांना धुतलेली टोपी आणि कोट घालून बसवलं होतं. चेहरा मात्र उतरलेला. पटांगणात विचारतात तसंच त्यांनी विचारलं, “मंडळी, पुढल्या साली घ्यायचं का?” आणि हात कानामागं धरला.

आता पंचाईत अशी, की मला आवाज बंद करता येतो, पण उघडायचा ज्याचा त्यालाच. “अहो, उघडा! आपापला आवाज उघडा!” मी ओरडत होते. इतक्या दिवसांत ते बटण एकाही विद्वानाला पटकन सापडलं नव्हतं, ते त्या घटकेला कुठून सापडणार? स्क्रीनभर तोंडं उघडत होती आणि मिटत होती, पाण्यातल्या माशांसारखी. आप्पा तर चक्क उभे राहून ‘व्हय’ म्हणाले असावेत, कारण आम्हाला त्यांचा कमरेचा पट्टा दिसत होता. समीक्षकांनी अंगठा पाठवला. कवयित्रीनं फुलं. एकानं घाईघाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’!

नाना वाट बघत राहिले. मग हात खाली आला.

“न्हाई आलं,” ते म्हणाले, आणि सुनेकडं वळले. “बंद कर, बाई.”

सुनेचा हात फोनकडं आला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका चौकोनात बिरूचा आवाज उघडला. बिरूचा म्हणजे बिरूच्या रानाचा. मेंढरं दिवसभर चरून नेमकी तळावर परतत होती, आणि जाळीत कोंडलेली कोकरं आपल्या आया दिसल्याबरोबर सगळी मिळून ओरडली. मेंढ्यांनी त्यांना ओ दिली. आमचा फोन टेबलावर थरथरला!

नाना जागच्या जागी थांबले. हात परत कानामागं गेला.

“आलं!” ते म्हणाले. “आलं की! आरं बाबा, किती माणूस हाय हे!” खुर्ची मागं सारून ते उभे राहिले. सुनेला हलवून हलवून सांगायला लागले, “ऐकलंस का? पटांगणात बी कवा एवढा आवाज आला न्हवता! ठरलं मग! पुढल्या साली!”

कोपऱ्यातल्या चौकोनात बिरूचं तोंड दिसलं. पार गोरंमोरं झालं होतं. “नाना, आवं, ती माणसं न्हाईत,” तो म्हणाला, “ती माजी मेंढ—”

मी बिरूला म्यूट केलं.