पुठ्ठ्यावरचे चार थेंब

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, सासऱ्यांइतकं गाडीचं मन सांभाळणारा माणूस उभ्या खानदेशात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांनी लाजेखातर ते बाहेर कळू दिलं नसेल. हे मी अभिमानाने लिहिते, कारण मी मूळची बिनचाकाच्या घरातली. भडगावला वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. घरात साधी सायकल नव्हती. आई आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं ते वखारीच्या हातगाडीवर, खाली पोतं अंथरून. वडील पुढून ओढत होते आणि शाळेच्या फ्रॉकमध्ये मी मागून ढकलत होते. त्यामुळे विहारासमोरच्या पटांगणात अक्काचं लग्न लागलं आणि पारोळ्याहून व्याही स्वतःच्या जीपमधून आले, तेव्हा आमची अख्खी गल्ली नवरदेवाला सोडून जीप बघायला गेली. व्याही, म्हणजे ज्यांना सगळे आबा म्हणतात ते, जीपशेजारी उभे राहून बॉनेटला हात लावणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हात लावा, पन धीरे. ती आत्तेच उनी शे, दमेल शे." आत्ताच आलेली, दमलेली कोण, तर जीप.

आबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. हीच डिझेलची फोर व्हील जीप त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर अठरा वर्षं चालवली आणि खात्याने ती लिलावात काढली तेव्हा स्वतःच बोली लावून घरी आणली. अक्काच्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी विचारलं, अठरा वर्षांत मन भरलं नाही का? आबा म्हणाले, "अठरा वरीस सरकारनी गाडी चालाडी. आते मनी स्वतःनी चालाडसू." तिचं मीटर पाच आकडी आहे आणि ते आजवर तीनदा शून्यावर आलंय. तिसऱ्यांदा आलं त्या दिवशी आबांनी गल्लीत पेढे वाटले. समोरच्या किराणावाल्या शेठजींनी पेढा तोंडात टाकून मुलगा की मुलगी असं विचारलं, आणि आबांनी त्यांना हाताला धरून मीटर दाखवायला नेलं.

डिझेलचं इंजिन थंड असताना चावी अर्धी फिरवून आधी हीटर तापू द्यावा लागतो. तो तापला की समोरचा बारका दिवा विझतो, अशी इतर गाड्यांत सोय असते. आबांच्या गाडीतला दिवा कधीचाच गेला आणि त्यांनी तो बदलला नाही, कारण त्यांच्या मते दिवा खोटं बोलतो. त्याऐवजी ते चावी धरून धुळ्याच्या रस्त्यावरची गावं म्हणतात. मुकटी, अजंग, फागणे, धुळे. धुळं आलं की चावी पूर्ण फिरवायची. हिवाळ्यात पुढे सोनगीर आणि नरडाणा जोडायचे. एका जानेवारीत ते शिरपूरपर्यंत गेले होते. त्या वेळी मुक्कामाला असलेल्या माझ्या मावशीने म्हातारा एवढ्या लांब निघालाय म्हणून गडबडीने भाकरी-ठेच्याचा डबा बांधून दिला. आबांनी तो ओट्यावर बसून खाल्ला आणि ठेचा चांगला झाल्याचं सांगितलं.

गाडी सुरू झाल्यावर पाच मिनिटं घरात कोणी आवाज करायचा नाही. आबा बॉनेटवर तळहात ठेवून, मान तिरकी करून ऐकत असतात. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी अक्काने चटणीसाठी मिक्सर लावला. आबा हातात पाना घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा पार उतरलेला. "पोरी, हाई टॅपेट वाजनं का तुन्हं मिक्सर?" इंजिनातलं टॅपेट नव्हे, मिक्सर आहे म्हटल्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की अक्काला आपण केवढं पुण्य केलं असं वाटलं. तेव्हापासून त्या घरात सकाळची चटणी पाट्यावर होते.

पण आबांचा खरा ग्रंथ म्हणजे पुठ्ठा. रोज संध्याकाळी इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी उजेडात नेऊन त्यावरचे थेंब वाचायचे. आमच्या दोन्ही घरांत पत्रिका बघत नाहीत, पण पुठ्ठा बघितल्याशिवाय आबा गावाला निघत नाहीत. काळा थेंब इंजिनाचा, तांबूस गिअरचा, हिरवा रेडिएटरचा. चार काळे थेंब म्हणजे सगळं ठीक. मी एकदा म्हटलं, आबा, चार थेंब तरी का, बंदच करून टाका ना. ते म्हणाले, "गळस म्हंजे आतमां तेल शे. गळनं बंद व्हयनं का घाबरानं." गळतंय म्हणजे आत तेल आहे, हे मला एम.ए.पर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

शिवाय महिन्यातून एकदा फोर व्हील लावायची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा, नाहीतर गाडी ते विसरते, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी रविवारी सगळ्यांनी बोरी नदीच्या वाळूत जायचं. गाडी वाळूत गोल-गोल फिरणार, आम्ही काठावर बसून पोहे खाणार. मी धुळ्यात एका कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि पहिल्या वर्षी चारचाकीचं लायसन काढलं, ते आबांनीच या वाळूत शिकवल्यामुळे. एका रविवारी शहरातल्या कुणाची तरी नवीकोरी, आगबोटीएवढी गाडी तिथे रुतली होती. मालक फोनवर कंपनीशी इंग्रजीत बोलत होता. आबांनी साखळी लावली, फोर व्हील टाकली आणि ती गाडी लेकराला बोटाला धरून आणावी तशी काठावर आणली. मालकाने विचारलं, काका, कितीचं मॉडेल आहे? आबा म्हणाले, "मॉडेल इचारू नका, बाईना वय इचारानं सारखं व्हस."

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी जीपचं पासिंग संपत आलं होतं. इतकी जुनी गाडी जळगावला आरटीओसमोर उभी करायची, तपासनीसाने पसंत केली तर पुढची पाच वर्षं, नाहीतर भंगार. आबा महिनाभर नीट जेवत नव्हते. त्यातच त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, धुळ्यात. जीप मी चालवली. आबा आत ऑपरेशनला गेले आणि माझ्याजवळ तीन तास मोकळे होते. मी शिकलेली. मी इंटरनेटवर वाचलं होतं की हल्लीचं पातळ, महागडं तेल इंजिनाला अमृतासारखं असतं. पासिंगच्या आधी आबांना भेट म्हणून मी एका गॅरेजात जुनं घट्ट तेल काढून ते टाकून घेतलं. मेकॅनिक दोनदा म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी आहे, बघा." मी त्याला डब्यावरचं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारोळ्याला पुठ्ठ्यावर चार थेंब नव्हते. मोठ्ठं डबकं होतं, त्याला आणखी दोन फाटे फुटलेले. आबांनी डोळ्यावरच्या काळ्या चष्म्यातून ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोरी, काय पाजं तिले?" मी सांगितलं. अक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढी पुस्तकं सांभाळते, त्यात एक तेलाचं नव्हतं का गं?" आबा रागावले नाहीत. ओट्यावर बसले आणि सावकाश म्हणाले, "इतला वरीस घट्ट तेलवर ऱ्हायनी ती. पातळ तेल बठ्ठा सांध्यांमधून वाट काढस. तुन्ही काय चूक नही, तुले वाटनं, चांगलं ते द्यावं."

पासिंगला पाच दिवस होते आणि डॉक्टरांनी आबांना महिनाभर वाकायचं नाही असं बजावलं होतं. मी रजा टाकली. आबा खुर्चीवर, मी गाडीखाली. तेल सोडलं, जुन्या वाणाचं घट्ट तेल आणलं, इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, पुढचं एक सील बदललं. खुर्चीवरून आबांना गाडीखालचं दिसत नव्हतं, ते आवाजावरून सांगायचे. "पाना सरकना. नीट बसाड." "आते बस, आखो आवळशी ते आटा जाई." त्यांना माझ्या हातातल्या नटाचा शेवटचा अर्धा फेरा खुर्चीवरून ऐकू यायचा. अक्का चहा घेऊन यायची आणि माझ्या पायांशी बोलायची, कारण बाकी मी दिसतच नव्हते. "तुझ्या कॉलेजात कळवू का, ग्रंथपालबाई गाडीखाली सापडल्या म्हणून?" चौथ्या दिवशी सकाळी मीच पुठ्ठा ओढला. चार थेंब. आबांनी बोटाने एकेक मोजला आणि पुन्हा एकदा मोजला.

जळगावला आम्ही तिघं गेलो. तपासनीस तरुण होता. दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर सगळं बघून तो खाली वाकला, हात घालून इंजिनाच्या तळाला बोट लावलं आणि बोट बघितलं. बोट नुसतं ओलसर. "चालवून दाखवा," तो म्हणाला. आबा सवयीने उजव्या दाराकडे गेले, दाराला हात लावला आणि तिथेच थांबले. मग दार उघडून मला म्हणाले, "बस." मी मैदानाला एक फेरी मारली. आबा तपासनीसाशेजारी मान तिरकी करून उभे होते. तो कागदावर सही करताना म्हणाला, "आजोबा, गाडी छान ठेवलीय बरं का तुम्ही." आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांचं स्वतःचं लायसनही आदल्या महिन्यात संपलं होतं. नवं करण्याचा अर्ज मीच भरून त्यांच्या खिशात ठेवला होता; डोळा बरा होणारच होता, डॉक्टर सर्टिफिकेट द्यायला तयार होते. खिडकीसमोर रांग होती. मी म्हटलं, आबा, आलोच आहोत तर तेही करून टाकू. त्यांनी अर्ज काढला, उलगडला, पुन्हा चौघडी घातली. "गाडीनी पासिंग व्हयनी. मनी राहू दे." अक्का काही बोलायला लागली तर म्हणाले, "चाळीस वरीसमां कोनले धक्का नही लागू दिना. आते आठेच थांबू दे."

परतीला ते डाव्या बाजूला बसले. पाळधीपर्यंत त्यांचा पाय पुन्हा पुन्हा नसलेला ब्रेक दाबत होता. एरंडोलच्या अलीकडे "गिअर बदल" असं एकदा म्हणाले, तेव्हा मी तो आधीच बदलला होता. एरंडोल मागे पडलं आणि मागच्या सीटवरून अक्काने माझ्या खांद्याला हात लावून दाखवलं. आबांची मान खिडकीला टेकली होती, काळा चष्मा नाकावर घसरला होता. अक्का म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्याच्या हातात स्टीअरिंग असताना यांचा डोळा लागलेला मी पहिल्यांदा बघतेय. मी वेग थोडा कमी केला. रस्त्यात खड्डे बरेच होते, ते एकेक करून चुकवत राहिले.

जीप पुढच्या पाच वर्षांसाठी पास आहे. ती मी चालवते.