जीप येण्याआधी

किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. बिल्डिंगला एकच गेट असावं, लिफ्ट बंद असावी आणि माणसं शिफ्टमध्ये कामाला जाणारी असावीत. मग जिन्यात कोणी ना कोणी भेटतंच आणि काहीतरी सांगून जातं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अख्खी सोसायटी मला 'बाई' म्हणते. माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा! आणि जे घडेल ते बाईंना सांगायचं असतं, असा इथे नियमच आहे.

आम्ही कोकणातले. बाकी बहुतेक मंडळी खान्देशातली, राखोलीकडच्या कंपन्यांत कामाला. सिल्वाशात राहून आमचं मराठी असं झालंय, की माहेरी गेले की आई विचारते, "आम्ही तुला नक्की दिली तरी कुठे?"

तर माझ्याकडे साठलेल्या किश्शांतले निम्मे एकाच पिक्चरचे आहेत.

* * *

श्रावणातल्या रविवारी खान्देशी मंडळी कानबाई देवी बसवतात. आमच्या सोसायटीतही बसते. संध्याकाळी आरती, मग पार्किंगमध्ये पांढरी चादर लावून पिक्चर, आणि पिक्चर संपला की रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण. पोळी, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याची, भाजी.

प्रोजेक्टर आमच्या ह्यांचा. हे सरकारी नोकरीत, म्हणून सगळ्यांचे 'सावंतसाहेब'. ह्यांच्या पेनड्राइव्हमध्ये पिक्चर एकच, बाकी सगळे मीटिंगचे फोटो. त्यामुळे निवडीचा प्रश्न कधी आलाच नाही.

पिक्चर जुना, हिंदी. दोन घरांचं आज्यापासूनचं वैर. एका घरची मुलगी, दुसऱ्या घरचा मुलगा, दोघांचं जमतं. पळून जातात, नदीकाठी झोपडी बांधतात, ती दाराला निळा रंग लावते. तेवढ्यात लांबून धूळ उडवत एक जीप येते. जीपमध्ये तिचा काका, आणि काकाच्या हातात बंदूक. पुढचं सांगत नाही.

पहिल्या वर्षी पूर्ण दाखवला. सगळ्या बायका हमसून हमसून रडल्या. पुरुषांना एकदम सर्दी झाली. जेवायला कोणी गेलंच नाही! गंगाफळाच्या भाजीचं पातेलं जसंच्या तसं परत आलं आणि आम्ही ती भाजी बुधवारपर्यंत खाल्ली.

मंडळाची मीटिंग झाली. पिक्चर बदलावा असं कोणाच्याही मनात आलं नाही. ठराव झाला तो असा: यापुढे जीप दिसायच्या आत पिक्चर बंद करायचा.

तेव्हापासून दाराला निळा रंग लागला की हे बटण दाबतात आणि माइकवर म्हणतात, "समाप्त. चला जेवायला."

* * *

त्यानंतर जी मुलं मोठी झाली, त्यांना हा पिक्चर सुखान्तच वाटतो. ज्यांना शेवट माहीत होता ते गप्प बसले. भाजी पुन्हा कोणाला खायची होती?

मी एकदा वर्गात 'माझा आवडता चित्रपट' हा निबंध दिला. आमच्या सोसायटीच्या सगळ्या मुलांनी एकच शेवट लिहिला, "आणि ते नदीकाठी सुखाने राहू लागले." मुंबईहून नव्या आलेल्या मॅडमनी ते वाचलं आणि त्या पालकसभेत म्हणाल्या, "अहो, असं नाहीये. शेवटी दोघंही मरतात."

एक आई उठून उभी राहिली. गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, तुमच्या मुंबईची प्रिंट खराब असंल."

बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

* * *

आता आप्पा आणि नाना.

आप्पा दुसऱ्या मजल्यावर, नाना तिसऱ्यावर. दोघं एकाच गावचे, जळगावकडचे, एकाच कंपनीत. आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत!

कारण पोळ्याचा मान. गावात पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात, आणि पहिला बैल कोणाचा जायचा हे ठरलेलं असतं. यांच्या आज्यांच्या काळात एका पोळ्याला आप्पांच्या घरचा आणि नानांच्या घरचा, असे दोन्ही बैल एकदमच वेशीत घुसले. तोरण कोणाच्या शिंगाने तुटलं, म्हणजे मान कोणाचा, यावरून जी जुंपली, ती जुंपलीच. ते बैल गेले, आजे गेले. आता दोन्ही घरी ट्रॅक्टर आहेत. वैर मात्र टुणटुणीत.

म्हणून आजही हे दोघं कुठल्याच दरवाजातून एकमेकांच्या मागे जात नाहीत. सोसायटीच्या गेटवर समोरासमोर आले, तर एक जण उगाच चपलेतला खडा काढत बसतो. मी तर त्या दोघांइतके खडे दमणगंगेच्या पात्रातही पाहिले नाहीत.

एकदा दोघांची शिफ्ट एकाच वेळी आली. कंपनीच्या गेटवर दोघं आमनेसामने. कोणी दुसऱ्याला पुढे जाऊ देईना, कोणी मागे राहीना. भोंगा झाला, मशीन चालू झाली, हे दोघं बाहेरच! शेवटी गुजराती सुपरवायझर वैतागला आणि त्याने हुकूम काढला, की आप्पांनी मेन गेटने यायचं आणि नानांनी मागच्या मटेरियल गेटने, जिथून ट्रक येतात.

तिथला वॉचमन कामाला चोख. पहिल्याच दिवशी त्याने नानांना अडवलं. "माल क्या है?"

नाना म्हणाले, "मैं."

त्याने ट्रकबरोबर नानांनाही वजनकाट्यावर उभं केलं.

* * *

आप्पांची मयुरी आणि नानांचा राहुल, दोघंही माझे विद्यार्थी. अभ्यासात मध्यम, सोसायटीच्या कामात एकदम पुढे. कानबाईला पिक्चरची चादर धरायला दरवर्षी हेच दोघं. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. पिक्चर संपेपर्यंत चादरीच्या मागे उभे. किती गुणी मुलं, असं आम्ही म्हणायचो.

एका वर्षी मी ह्यांना म्हटलं, "पोरं बिचारी उभी राहतात, भिंतीत खिळे मारा ना." ह्यांनी खिळे आणले. खिळे हरवले. पुन्हा आणले, हातोडी हरवली. दोरी आणली, तर दोरी कोणीतरी कापून ठेवली.

मी शिक्षिका आहे, पण हे माझ्या डोक्यात शिरायला दोरीपर्यंत वेळ लागला.

"कधीपासून चाललंय?" मी राहुलला जिन्यात गाठून विचारलं.

"बाई, पहिल्यापासून चादर आम्हीच तर पकडतो ने!"

* * *

यंदा आषाढ सरता सरता मयुरी माझ्याकडे आली आणि सोफ्यावर बसून रडायलाच लागली. आता ती कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे, पण माझ्यासमोर नाक ओढणीलाच पुसते. आप्पांनी सुरतेचं स्थळ पाहिलं होतं. कानबाई झाली की बुधवारी पाहुणे यायचे, आणि मुलगी पसंत पडली की लगेच सुपारी फोडायची.

"बाई, मला पळून नाही जायचं. आप्पांना टाकून मी कुठे जाणार? पण दुसऱ्या कोणाशी लग्न पण नाही करायचं. तुम्ही बोला ना!"

मी बोलले. आप्पा शांतपणे चहा पीत होते.

"बाई, मी काय जुलूम करी राहिलो का? तिला सांगितलं, सुरतेला नाही जायचं तर नको जाऊ. जा त्याच्या घरी. आम्ही तोंड पाहणार नाही, संपला विषय. पिक्चरमधी बी तसंच आहे ना? राहिले ना दोघं नदीकाठी सुखानं? कोणी गेलं का मागं?"

मी तशीच उठून तिसऱ्या मजल्यावर गेले. नाना म्हणाले, "पिक्चरमधल्यावानी वेगळं राहू दे त्यांना. आपोआप नीट होतं, बाई. शेवट पाहिला ना तुम्ही?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या वर्षी हे दोघंही सेकंड शिफ्टला होते. इतकी वर्षं ते समोर बसून हा पिक्चर बघत होते, आणि शेवट त्यांनी पाहिलेलाच नव्हता!

मला असा संताप आला म्हणून सांगू! त्यांचा आला, त्याहून जास्त त्या ठरावाचा आला. ठरावाला पहिला हात मीच वर केला होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "यंदा बटण दाबायचं नाही."

"जेवणाचं काय?"

"जाऊ दे वाया."

"भाजी आपल्यालाच खावी लागेल."

"खाऊ!"

ह्यांनी जरा विचार केला. "ठराव रद्द करायला मीटिंग लागते."

मी नुसतं पाहिलं. मीटिंग झाली असं ह्यांनी धरून चाललं.

* * *

कानबाईचा रविवार. पार्किंग भरलेलं, पत्र्यावर पाऊस. पुढच्या खुर्च्यांवर एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला नाना. चादर धरून मयुरी आणि राहुल. त्यांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

दाराला निळा रंग लागला. लोक चपला शोधायला वाकले. पण पिक्चर चालूच राहिला.

लांबून धूळ उडाली.

"बाई, ही कोणाची जीप?" पोरं ओरडली. "ही तर नव्हती!"

आप्पा हसत म्हणाले, "अरे, न्यायला आले असतील त्यांना. झालं ना सगळं नीट!"

मग काका उतरला. त्याच्या हातात काय आहे ते आप्पांना दिसलं. ते उभे राहिले. "सावंतसाहेब, बंद करा! करा ना बंद!"

हे शांतपणे म्हणाले, "आप्पा, इतकी वर्षं मी बंद करत होतो. तिकडे हे होतच होतं."

आधी गोळी लागून ती गेली, तिच्यामागे तो. मग दोन्ही घरची माणसं धावत आली, पण तोवर उशीर झाला होता. निळा दरवाजा वाऱ्याने उघडत होता, मिटत होता. चादर एकदम हलायला लागली, कारण धरणारे दोघंही रडत होते. मीसुद्धा रडत होते, आणि मला तर शेवट माहीत होता!

पिक्चर संपला. नाना उठून गेटकडे चालायला लागले. त्याच वेळी आप्पाही उठले. गेटपाशी दोघं एकदम पोचले आणि थांबले.

आम्ही सगळे मागे, पावसात. पुढे जाता येईना.

आता खडा निघणार, असं आम्हाला वाटलं. पण आप्पा घसा खाकरून म्हणाले, "व्हा पुढं."

नाना दचकले. इतक्या वर्षांत पहिलाच शब्द! मग म्हणाले, "तुम्ही व्हा."

"मान तुमचा."

"नाही नाही, तुमचा."

"अहो, मी सांगी राहिलो ना, तोरण तुमच्या बैलानं तोडलं होतं!"

"काय बी बोलू नका! आमचा बैल मागं होता. माझ्या आज्यानं मरताना सांगितलं!"

"खोटं बोलत होता तुमचा आजा! तुमचाच पुढं होता!"

"आज्याचं नाव काढू नका! तुमचाच होता!"

आवाज चढले. दोघांच्याही डोळ्यांना धार, आणि दोघंही एकमेकांना बोट दाखवून सांगताहेत, की पहिला मान तुझाच! कोणी सोडवायलाही जाईना, कारण नेमकं कोणाला धरायचं ते समजेना. पलीकडे हॉलमध्ये आचारी पोळ्यांवर फडकं टाकून दारात येऊन उभा राहिला.

मागून आवाज आला, "जरा बाजूला व्हा. चादर भिजते."

मयुरी आणि राहुल. चादरीची एक बाजू तिच्या हातात, एक त्याच्या. आप्पा गेटच्या या खांबाला टेकले, नाना त्या खांबाला. दोघं मधून चालत गेली.

"सांभाळून गं पोरी," नाना म्हणाले, "पुढे पाणी साचलंय."

आप्पांनी नाक पुसलं, खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच, पावसात उभं राहून फोन लावला.

"हां, सुरतवाले पाव्हणे का? राम राम. बुधवारी येऊ नका... नाही हो, तब्येती बऱ्या आहेत सगळ्यांच्या... नाही, तुमच्याकडून काही चुकलं नाही... कारण? कारण काय सांगू आता..."

त्यांनी गेटपलीकडे पाहिलं.

"आज पिक्चर पूर्ण पाहिला."