हनुवटीवरचा ठिपका

सीमाभागातल्या भालकीच्या आमच्या मराठी मंडळात माझं नाव निघालं की लोक आधी खिसे चाचपतात. हा कुठला कागद मागेल, नेम नाही. मी अंकुशराव, इथल्याच तालुक्यातल्या मेहकरचा. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत दाखले तपासले. समोर जिवंत उभ्या असलेल्या माणसाकडे हयातीचा दाखला मागितलाय आणि त्याचा मला पस्तावा नाही. मागे मंडळाने तालुक्यातल्या कलावंतांचं पुस्तक काढलं तेव्हा मी आजारी होतो. एका बहाद्दराने स्वतःच स्वतःला दिलेली तीन बक्षिसं त्यात छापून घेतली आणि अख्खा तालुका हसला. दुधाने तोंड पोळलेलं मंडळ नव्या पुस्तकाच्या खेपेला मला शरण आलं. पुराव्याशिवाय एकही नाव जाणार नाही, असा ठराव झाला. तो मीच मांडला होता.

यादीत खटकचिंचोळीचे सिद्धलिंगप्पा होते. वय एक्क्याऐंशी. त्यांचं म्हणणं असं, की तरुणपणी गुलबर्ग्याच्या एका स्टुडिओत त्यांनी रहस्यकथांच्या पॉकेटबुकांची तीनशेवर मुखपृष्ठं रंगवली, टुरिंग टॉकीजची पोस्टरं रंगवली, पण एकावरही त्यांचं नाव नाही. सही सगळीकडे मालकाची, ‘प्रेमानंद’.

ऐकूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपली सही नसलेल्या चित्रावर हक्क सांगायला काय लागतं?

त्यांच्या घरी गेलो. काचबिंदूने नजर गेलेली, उजेड तेवढा कळतो, त्यामुळे ‘काढून दाखवा’ म्हणायचीही सोय नाही. हेही मला जरा सोयीचंच वाटलं, त्यांच्या सोयीचं.

“एखादं मूळ चित्र? मालकाची चिठ्ठी?” मी विचारलं.

“न्हाई साहेब. समदं स्टुडिओतच ऱ्हायलं.”

बाकी बोलायला म्हातारा एकदम मोकळा. पोस्टरसाठी लहान चित्र चौकटी पाडून कसं वाढवायचं, व्हिलनच्या गालाला हिरवा रंग कसा चोळायचा, मुखपृष्ठावर रक्त कुठं दाखवायचं. हे ज्ञान ब्रश धुणाऱ्यालाही असू शकतं, असं मी वहीत टिपलं. मग सहज विचारलं, “आणि चित्रांतल्या बाया कुणाला बघून काढायचात?”

तोंडाला कुलूपच लागलं.

“मनानंच काढायचो.”

“तीनशे बाया मनानं?”

“पानी घ्या साहेब.”

दोनदा विचारलं, दोनदा पाणी आलं. इतक्या वर्षांत मी एक शिकलोय, ज्या प्रश्नाला पाणी मिळतं तिथेच खोदावं. हा माणूस काहीतरी लपवत होता, याबद्दल मला शंका उरली नाही. निघताना त्यांनी चाचपडत माझा हात धरला. म्हणाले, “हिरोचं नाव मी हातभर अक्षरात लिवायचो साहेब. माझं कुटंच न्हाई. मरायच्या आधी एकदा छापून यावं, एवढंच हाय.” असले हात मी कचेरीत पुष्कळ सोडवून घेतलेत. तोही सोडवला.

पुढच्या आठवड्यात कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, गेलो. प्रेमानंद वारले. त्यांचा मुलगा अनिलकुमार त्याच जागेत फ्लेक्स छापतो. नाव काढताच तो हसला. “सिद्धलिंगप्पा? होता की. ब्रश धुयाचा, रंग कालवायचा. चितरं वडलांचीच. सही कामून दुसऱ्याच्या चितरावर करतील ते?” जुनी पुस्तकं मात्र त्याच्याकडे एकही नव्हती, सगळी रद्दीत गेलेली. मला हाही फार चोख वाटला नाही. बापाचं मोठेपण कुणाला नको असतं?

पुस्तकं सापडली गाणगापुरात. महाराष्ट्रातून येणारे भक्त दर्शन उरकून जाताना लॉजच्या खोलीत पॉकेटबुकं विसरून जात. एका लॉजचे मालक भीमण्णा यांच्या वडिलांनी ती पेटीत साठवून ठेवली होती. दत्ताच्या गावात खुनांची पेटी! एकसष्ट पुस्तकं मी एक दिवस बसून पाहिली. पिस्तूलवाली बाई, विषाचा पेला घेतलेली बाई, सिगारेट ओढणारी बाई. सगळीकडे ‘प्रेमानंद’. एका बाईच्या हनुवटीवर माशी बसून गेल्यासारखा ठिपका होता. अंगठ्याने पुसून पाहिला, गेला नाही. दुसऱ्या पुस्तकावर पण तोच. छपाईचा डाग समजून मी सोडून दिला, याची आज मला लाज वाटते. भीमण्णांकडून एक पुस्तक मागून घेतलं आणि नकार सांगायला खटकचिंचोळीला गेलो.

“अप्पा, पुरावा मिळाला न्हाई,” मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांची बायको बसम्मा चहा घेऊन बाहेर आली. आधीच्या खेपेला ती दाराआडूनच पाणी सरकवत होती. कप घ्यायला मी वर पाहिलं आणि हात तसाच राहिला. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवा ठिपका होता.

मी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. निळ्या साडीतली खुनी बाई, हातात पिस्तूल. हनुवटीवर ठिपका. आणि पदर? अप्पांच्या समाजातल्या जुन्या बायका घेतात तसा, उजव्या खांद्यावर. मुंबईच्या बंगल्यात खून करणारी बाई, आणि पदर खटकचिंचोळीचा! छपाईत चित्र उलटं झालं म्हणावं, तर सही सुलटी. प्रेमानंद मूळचे कोल्हापूरचे, त्यांनी काढला असता तर पदर डाव्या खांद्यावर आला असता. सही मारताना त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नसेल, आणि सिद्धलिंगप्पांना तर पदर दुसरीकडे असतो हे सुचलंच नसेल. समोर जे बसलं होतं, ते त्यांनी काढलं.

“अक्का,” मी पुस्तक पुढे केलं, “ह्या तुमीच ना?”

तिने पदर तोंडावर ओढला आणि आत गेली. काय घडलं ते सिद्धलिंगप्पांना आवाजावरूनच कळलं. “साहेब,” ते म्हणाले, “पाया पडतो. तेवढं लिवू नका. पन्नास वर्सं गावात मानानं ऱ्हायलीय ती. मठात भजनाच्या टायमाला बायका तिला वचनं म्हनायला पुढं बसवतेत. तिला सिगारेटवाली म्हनतील. माझं नाव न्हाई आलं तरी चालंल.”

म्हणजे पुरावा सगळा वेळ घरातच होता, आणि या माणसाने तो दाबून धरून माझ्या लेखी खोटारडा ठरणं पत्करलं. मला फार वाईट वाटलं. वहीत जन्मात पहिल्यांदा लिहिलं, ‘पुरावा पाहिला आहे, दाखवता येत नाही.’

मंडळात ते वाचताच अध्यक्ष गुरुपादय्या, माजी हेडमास्तर, चष्म्यावरून बघत राहिले. “अंकुशराव, हे तुमीच लिहिलंत?”

“माझ्या शब्दावर घ्या.”

“तुमी कधी कुणाचा शब्द घेतलात?” सगळे हसले. एकाने तर म्हाताऱ्याने जेवायला काय घातलं असंही विचारलं. ठराव माझाच, त्यामुळे नाव गळलं. पुस्तक सोमवारी छपाईला जाणार होतं. मी फोन केला, तो बसम्माने उचलला. नाव गळलं, सोमवारी पुस्तक छपाईला जातंय, हे तिला सांगितलं. तिने फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मंडळाच्या दारात ती एकटी उभी. खटकचिंचोळीहून पहिल्या बसने आलेली. माझ्याकडून ते पॉकेटबुक मागून घेतलं, सात पुरुषांपुढे उभी राहिली, उजव्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि पुस्तक तोंडाशेजारी धरलं.

“बगा. मीच हाय. पिस्तूल कुटनं आनावं? हातात लाटणं धरून बसायची. सिगारेट म्हनून खडू. ह्यांनी काढलं, मालकानं सही मारली. आता लिवा.”

हातच्या काकणाला आरसा कशाला! गुरुपादय्या खुर्चीवरून उठले आणि त्यांनी तिला हात जोडले. मी पेन उघडलं. “अक्का, तुमचं नाव नाही घातलं तरी चालेल,” मी म्हणालो.

“घाला की. मी काय खून केला व्हय?”

पुस्तक छापून आलं तेव्हा मी स्वतः घेऊन गेलो. नोंद मोठ्याने वाचली. ‘सिद्धलिंगप्पा, खटकचिंचोळी. चित्रकार. चित्रांतील स्त्री : पत्नी बसम्मा. पुरावा तपासला.’ त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. पुरावा मंडळात कसा आला तेही मी सांगितलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “तू भालकीला गेलतीस? मला म्हनलीस दवाखान्याला जायलेय.”

“खोटंच बोलले,” आतून आवाज आला. “तुमी न्हाई बोललाव? मनानं काढल्या म्हनून?”

म्हातारा रडायला लागला. पुस्तक मांडीवर घेऊन कागदावरून बोट फिरवू लागला. मी ते बोट धरून ओळीवर ठेवलं.

“ह्यात माझं कुटलं, तिचं कुटलं?”

“एकाला एक लागूनच हायेत, अप्पा,” मी म्हणालो.