फक्त चौघांसाठी बर्फ

आमच्या घराण्यात आजवर कोणीही बर्फावरून घसरलेलं नाही. पूर्वज जुन्या संस्थानाच्या फौजेत होते, ते घोड्यावरून घसरले असतील (घरात हे उघड बोलत नाहीत). मी स्वतः इथे बडोद्यात, गोरव्याच्या कारखान्यात सांडलेल्या ऑइलवरून दोनदा घसरलोय. पण बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो, एवढीच आमची ओळख.

त्यामुळे थोरल्या लेकीनं, मुक्तानं, बंगळूरहून फोनवर "बाबा, स्कीइंगला जाऊया का?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं पोरीला ताप आलाय.

"अगं, कुठे?"

"मनालीच्या वर एक गाव आहे. लाकडी घर, त्यात एकच मोठी खोली. चार गाद्या आणि मधोमध लाकडं जाळायचा तंदूर. समोरच्याच उतारावर स्कीइंग शिकवतात. सव्वीस जानेवारीला जोडून चार दिवस. तू, आई, ओंकार आणि मी."

"चौघंच?"

"चौघंच, बाबा. वचन दे. दुसरं कुणीही नको. मला तुम्ही तिघं हवे आहात."

शेवटचं वाक्य जरा हळू आलं. मी वचन दिलं. देणार नाही तर काय! धाकटा ओंकार पुण्याला, मुक्ता बंगळूरला. दिवाळीत ही येते तेव्हा तो गेलेला असतो, तो येतो तेव्हा हिची बॅग दारात असते. चौघं एका छपराखाली झोपल्याला दोन वर्षं झाली होती. वैशाली, म्हणजे आमची सौभाग्यवती, अजून हात सवयीचा म्हणून चौघांचा भात लावते आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुकाट्यानं फोडणीचा भात खातो. त्या एका खोलीचा फोटो मी मोबाइलवर इतक्यांदा पाहिला, की कुठली गादी कोणाची हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

मुक्तानं बजावलं होतं, "बाबा, गुडघे तयार कर. रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखा बस. खुर्चीशिवाय." एका रविवारी सकाळी मी तसा बसलो होतो, दार उघडं होतं आणि आमच्या हरणीतल्या सोसायटीचे प्रमुख, शेजारचे भरतभाई, पेपर मागायला आत आले.

"अरे दिलीपभाई! शुं थयुं? कमर पकडाई गई?"

"नाही हो! बर्फावर जायची तयारी. मनालीला चाललोय, सगळे मिळून." आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "तुम्ही पण चला ना!"

आता हे वाक्य नीट समजून घ्या. मराठी माणूस "तुम्ही पण चला ना" म्हणतो तेव्हा समोरच्यानं "छे छे, तुम्ही जाऊन या, मजा करा" म्हणायचं असतं. ही आपली रीत आहे! आपण आग्रह करायचा, त्यांनी नाही म्हणायचं, दोघांचीही अब्रू राहते. माझं सगळं आयुष्य बडोद्यात गेलं, पण एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. गुजराती माणसाला "चला" म्हटलं, की तो चपला घालतो.

"चालो, फायनल!" भरतभाई म्हणाले. "कोकिला! सांभळे छे? आपणे मनाली जईए छीए!"

पेपर न घेताच ते गेले. संध्याकाळपर्यंत दोनाचे सतरा झाले होते.

"वैशाली, काहीतरी कर!" मी म्हटलं.

"मी काय करू? मी वचन दिलं होतं का पोरीला? जा आणि सरळ सांगा, 'आम्हाला चौघांनाच जायचंय' म्हणून. तीन शब्द आहेत."

"तोंडावर कसं सांगायचं गं? वाईट दिसतं."

"मग घ्या बोकांडी!"

सरळ सांगणं जमत नाही असा माणूस आडून सांगतो. मी ठरवलं, भरतभाईंना घाबरवायचं. "भरतभाई, तिथे नळातलं पाणी गोठतं म्हणे! आणि खायला आपलं काही मिळत नाही. नाश्त्याला फाफडा नाही, जेवायला कढी नाही."

भरतभाई गंभीर झाले. मला आशा वाटली. ते म्हणाले, "साची वात. तो महाराज साथे लई लईए!" दुसऱ्या दिवशी एक आचारी, त्याचा मदतनीस आणि चार मोठी पातेली यादीत आली.

मी पुन्हा गेलो. "भरतभाई, उंचावर श्वास लागतो. वयस्कर माणसांना जपायला हवं. काही झालं तर डॉक्टर कुठून आणणार?"

"पादराथी!" त्यांचे मेहुणे जवळच्या पादरा गावात डॉक्टर. ते आले, सोबत त्यांची बायको, दोन मुलं आणि बायकोची आई. तिला श्वासाचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांजवळ असलेली बरी!

आता माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता उरला होता. "भरतभाई, अहो, मूळ अडचण सांगतो. खोली एकच आहे. गाद्या चार!" असं म्हणून मी त्यांना फोटो दाखवला, खोलीच्या मालकाचा नंबरही दिला, स्वतःची खात्री करून घ्या म्हणून. (देवानं मला अक्कल वाटताना मी बहुधा भिंतीला पाठ टेकून बसलो होतो.) तासाभरात ते हसत हसत परत आले. "थई गयुं! ती खोली कॅन्सल करून टाकली. खाली गावात आखं हॉटेल घेतलं. सगळे साथे रहिए तेमां ज मजा छे ने!"

मी "हो, हो, मजा आहे" म्हटलं. हे मीच म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही.

त्या रात्रीच्या ताटात पुन्हा चौघांचा भात होता आणि माझ्या घशाखाली एका माणसाचाही उतरेना.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर पतंगांच्या गोंगाटात मला नारळ आणि शाल देण्यात आली. 'हिमदर्शन यात्रेचे प्रेरणास्थान' म्हणून! ग्रुपवर फोटो पडला. ग्रुपमध्ये एक्केचाळीस माणसं. आणि भरतभाईंनी प्रेमानं एक्केचाळिसावी घातली होती ती मुक्ता. 'वेलकम मुक्ताबेटी! गरम शाल लावजे, बहु ठंडी छे!'

पाच मिनिटांत फोन आला.

"बाबा, हे काय आहे?"

"अगं, ते... मी नुसतं म्हटलं..."

"तू वचन दिलं होतंस."

"हो गं, पण माणसांना नाही कसं म्हणायचं?"

"मग मला 'नाही' कसं म्हणालास?"

ती रागावली असती, आरडाओरडा केला असता, तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी नाही येत, बाबा. एक्केचाळीस माणसांत मी ऑफिसात रोजच असते." फोन बंद. डोक्यावरून पतंग चालले होते, लोक ओरडत होते, "काप्यो छे!" आणि मी खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून रडलो. लोकांना वाटलं सत्कारानं भारावलोय.

एकट्या कोकिलाबेनना तसं वाटलं नाही. त्या जवळ आल्या. "दिलीपभाई, शुं छे? साचुं कहो."

मी सगळं सांगितलं. वचन, चौघं, ती खोली, ती चार गाद्यांची वाटणी. सांगताना लाज वाटत होती, पण थांबताही येईना. भरतभाई ऐकत उभे होते.

"पण तमे ज तो कह्युं हतुं, चला!" ते खरोखर दुखावले होते.

"हो. माझीच चूक."

कोकिलाबेननी नवऱ्याला गप्प केलं. त्यांचा मुलगा कॅनडाला असतो. "अमारो तो फोन पण रविवारे ज आवे," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "दीकरी बोलावते ना? मग तुम्ही तिच्याबरोबरच राहा. आम्ही आमचे जाऊ."

भरतभाईंनी लगेच मनालीला फोन लावला. पण खोलीच्या मालकानं सांगितलं, "भाईसाहब, वो तो आप ही ने छोड़ी थी. अब चंडीगढ़ वाले आ रहे हैं." झालं! बर्फही गेला, तंदूरही गेला.

मी धीर करून मुक्ताला फोन केला. "बेटा, मी सगळ्यांना नाही म्हटलं. पण उशीर झाला. खोली गेली."

ती म्हणाली, "माझी रजा तर मंजूर झालीय. बडोद्याला येऊ?"

"ये ना! पण इथे बर्फ नाही गं."

"बर्फ राहू दे. माणसं किती आहेत?"

"एकही नाही! सगळी माणसं बर्फात चाललीत!"

ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा मला नीट भूक लागली.

यात्रा निघाली तेव्हा आम्ही फाटकात उभं राहून हात हलवले. बस वळली आणि माझ्या हातात अकरा फ्लॅटच्या चाव्या राहिल्या. कोणाची तुळस, कोणाच्या मेथीच्या कुंड्या, भरतभाईंच्या माशांची टाकी आणि सोसायटीची पाण्याची मोटर, सगळं माझ्याकडे! दुपारी मुक्ता आली, संध्याकाळी ओंकार. आम्ही हॉलमधलं सगळं फर्निचर भिंतीला लावलं आणि चार गाद्या घातल्या. माझी ठरवून ठेवलेली वाटणी कोणी मानली नाही, खिडकीजवळची जागा ओंकारनं बळकावली.

ग्रुपवर व्हिडिओ येत होते. भरतभाई स्वेटरवर स्वेटर घालून स्कीइंग करताहेत आणि मागे महाराज बर्फात ऊंधियुं ढवळतोय! ते पाहून माझी खुमखुमी जागी झाली. सकाळी पार्किंगचा उतार ओंकार धूत होता. मी पायांत दुधाच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, गुडघे वाकवले आणि म्हटलं, "बघ मुक्ता, पोझिशन!" पोझिशन उतारावरून निघाली ती वॉचमनच्या खुर्चीला जाऊन थांबली. घराण्यात घसरण्याची परंपरा आहे, मी ती मोटारीच्या वेगानं राखली.

मुक्ता जमिनीवर बसून इतकी हसली, की तिला उठता येईना. मग हसताहसता ती रडायला लागली. दुपारी माझ्या सुजलेल्या घोट्याला बाम चोळत म्हणाली, "बाबा, तिथे मला कोणी 'जेवलीस का' असं विचारत नाही रे. पगार विचारतात, प्रोजेक्ट विचारतात. मला फक्त तुमच्या कुशीत येऊन पडायचं होतं. त्यासाठी बर्फाचं निमित्त काढलं." वैशालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओंकार उगाच मोबाइलमध्ये बघत राहिला, मोबाइल बंद होता. त्या दिवशी वैशालीनं चौघांचा भात लावला आणि कमी पडला.

चार दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मुलं गेली, त्याच संध्याकाळी बस आली. "दिलीपभाई, तमे शुं गुमाव्युं!" म्हणत भरतभाईंनी अक्रोड दिले. सोसायटी पुन्हा गजबजली आणि आमचं घर तेवढं रिकामं झालं. हॉलमधल्या गाद्या आठवडाभर मी कोणाला उचलू दिल्या नाहीत.

सध्या मी स्वतः पुढाकार घेऊन सोसायटीची केरळची सहल काढतोय. त्रेचाळीस नावं आलीत. महाराज पक्के, पादऱ्याचे डॉक्टर पक्के. तारखा मी मुक्ता-ओंकारच्या रजा बघून ठरवल्यात आणि आम्हा चौघांचं नाव यादीत कुठेही नाही. फक्त तळमजल्यावरचे शास्त्रीकाका "गुडघे दुखतात, मला काही जमायचं नाही" म्हणून अडून बसलेत. म्हणून परवापासून मी रोज सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून येतो!