गडग्यावर ठेवलेलं दूध

थोरलीला माझं दूध फार दिवस मिळालं नाही. ती जन्मली आणि मला बाळंतपणाचा ताप भरला. तो उतरला तेव्हा छाती सुकली होती. मी घाटावरची. माहेर दोन घाट ओलांडून पलीकडे. वडील गुळाच्या गाड्या घेऊन मालवण बंदरावर यायचे, त्या ओळखीतून मला इथे दिलेली. शाळा चौथीत सुटलेली. नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा उगवायचा. घरात सासूबाई, मी, तान्ही मुलगी आणि गोठ्यात तीन गायी.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी तशी हाक मारली की वाडीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. सासूबाई मात्र ओ द्यायच्या. पोरीला पाजायला माझ्याकडे काही नाही हे कळल्यावर त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. तांब्या घासला, काळ्या गायीखाली बसल्या आणि फडक्यातून गाळलेलं निरसं दूध, अजून फेस न बसलेलं, बोंडल्यात ओतून पोरीच्या तोंडाला लावलं.

"तापवायचं नाही?" मी विचारलं.

"गायीन तापवन दिला मां. तू आणि किती तापवतलंस?"

त्यांच्या गायी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, गवतावर वाढलेल्या. पावसाळ्यात हिरवं, नंतर कापून वाळवलेलं, पण गवतच. पेंड त्या गोठ्यात येऊ द्यायच्या नाहीत. पेंडीने दूध वाढतं, पण तान्ह्याच्या पोटात ते बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि तान्ह्याला दूध द्यायचं ते एकाच गायीचं. आज हिचं, उद्या तिचं असं केलं की पोर बिघडतं. माहेरी आमच्याकडे म्हशी होत्या, असले नियम मी कधी ऐकले नव्हते. पण पोरीच्या गालांवर मांस चढत होतं. मी रोज सकाळी काळीच्या पाठीवर हात ठेवायची आणि मनात म्हणायची, तुझे उपकार गं बाई. दुसऱ्याच क्षणी वाटायचं, काळीला काही झालं तर?

दिवाळी आली. पाडव्याला इथे गुरांचा मान. सासूबाईंनी गायी धुतल्या, शिंगं रंगवली, करवंटी गेरूत बुडवून अंगावर गोल गोल ठसे उठवले. गळ्यात गोंड्यांच्या माळा. मग वाडीतली सगळी गुरं गोठणीवर न्यायची. गोठण म्हणजे सड्याच्या कडेला वडाखालची जागा, जिथे चरून आलेली गुरं दुपारची बसतात. तिथे घरोघरचे तांदळाच्या पिठाचे पोळे एका सुपात गोळा करायचे आणि त्या एकाच सुपातून सगळ्या गुरांना भरवायचे. कुणाची गाय, कुणाचा बैल, त्या दिवशी काही बघायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, नातीला जगवणारी गाय, ती सगळ्यांच्या पुढे उभी राहिली पाहिजे. काळी पुढे उभी राहिली.

वाडीतल्या एकाने घाटावरच्या बाजारातून नवी बैलजोडी आणली होती. त्यातला एक बैल मान खाली घालून उभा. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, डोळ्यांच्या कडा ओल्या.

"ह्येका काय झाला रे?" गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

"खंय काय? घाट उतरान दमलो तो," बैलाचा मालक म्हणाला.

"रडता कसो पण. घाटावरची आठवण येता की काय त्येका?" एकजण म्हणाला आणि माझ्याकडे बघून सगळे हसले. मीही हसले. पाडव्याच्या दिवशी दारात आलेलं जनावर मागे फिरवायचं, हे कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. सूप त्या बैलापुढे गेलं. त्याने पोळ्यांना तोंड लावलं, खाल्लं नाही. मग सूप काळीपुढे आलं.

तुळशीचं लग्न लागायच्या आत वाडीत गुरांचा रोग, बुळकांडी, शिरली. आधी तो बैल गेला. मग एकेका गोठ्यातून वास यायला लागला. तो वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि न घेतलेल्याला सांगून कळणार नाही. काळीने रवंथ सोडला. तिची धार एका सकाळी अर्ध्यावर आली, दुसऱ्या सकाळी तुटली. तोंडात आतून पांढरे पापुद्रे, ओल्या कोंड्यासारखे. सासूबाई तुरटीच्या पाण्याने तिचं तोंड धूत बसायच्या, शेपटीखालची घाण हाताने काढायच्या, आणि मी पोरीला मांडीवर घेऊन दारात. बाकीच्या दोन गायीही बसल्या.

पोरीला पेजेची निवळ पाजली, ती तिने ओकली. कुणीतरी मालवणहून डब्यातली दुधाची पूड आणून दिली. त्याने हगवण लागली. तिची टाळू आत जायला लागली. मी दिवसभर त्या खड्ड्यावर बोट ठेवून असायची, जशी काही माझ्या बोटाने ती वर येणार होती. ती रडायची थांबली तेव्हा मला जास्त भीती वाटली.

आमच्या परसाच्या गडग्यापलीकडे एक ख्रिस्ती म्हातारी राहायची. गडगा म्हणजे चिऱ्यांची छातीभर उंचीची भिंत. मुलगा गोव्यात नोकरीला, ही एकटी, एक कबरी गाय आणि तिचा पाडा, दूधपितं नर वासरू. तिची गाय धडधाकट होती. पाडवा तिचा सण नव्हता, त्यामुळे गोठणीवर तिच्या गायीला कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ती नेहमीसारखी माडाला बांधलेली होती. रोगाचं ऐकल्यापासून म्हातारीने तिला सोडलंच नाही. स्वतः सड्यावर जाऊन भारा आणायची.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तिच्याकडं मागू?"

"एका गायीचा मोडूचा नसता." त्या काळीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वर बघितलं नाही.

शेजारची एकजण तिथेच होती. ती म्हणाली, "आणि तेंच्या घरचा? तान्ह्याक?"

सासूबाईंनी आता मान वर केली. मग त्या बाईला म्हणाल्या, "ती गाय गवत खंयचा खाता गो?"

"सड्यावरचा. आणि खंयचा?"

"माझी काळी खंयचा खाय?"

सासूबाई मला म्हणाल्या, "जा. तांब्या घासून ने."

मी गडग्याकडे गेले, तर म्हातारी लांबूनच ओरडली. "थंयच रव! त्या गोठ्यातले पाय घेवन हयसर येव नको!"

"मावशी, पोरगी..."

"म्हायत आसा माका. रडत नाय ती, तां आयकतंय ना मी. तांब्यो गडग्यार ठेव आणि मागे सर."

मी मागे सरले. तिने तांब्यावर कढत पाणी ओतलं, मग फडक्याने धरून उचलला. पाड्याला दोरीने मागे खेचून खुंट्याला बांधला आणि गायीखाली बसली. पाडा हंबरत होता. दूध गडग्यावर ठेवून ती आत गेली, तेव्हा मी पुढे झाले. पितळेतून ऊब हाताला लागली.

पोरीने पहिल्यांदा तोंड फिरवलं. वास वेगळा लागला असेल. दुसऱ्यांदा दोन घोट घेतले. ते ओकते की काय म्हणून मी तिच्याकडे बघत होते आणि सासूबाई गोठ्याच्या दारातून माझ्याकडे. ओकली नाही. "पोटात रवला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या परत आत वळल्या.

काळी दुसऱ्या दिवशी गेली. बाकीच्या दोघीही मागोमाग. न्यायला माणसं आली तर सासूबाईंनी काळीला ओढू दिलं नाही. माडाच्या बाजूला खड्डा खणून घेतला आणि घरातलं मीठ त्यात रिकामं केलं. शिंगांवरचा पाडव्याचा रंग तसाच होता.

सगळं झाल्यावर सरकारी गुरांचा डॉक्टर आला. उरलेल्या जनावरांना टोचायला. त्याने गोठणीवरची हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, पण सगळी जनावरं एकत्र आणलीतच कशाला?"

"पाडवो होतो," सासूबाई म्हणाल्या.

"हो, पण आजारी बैल दिसत होता ना?"

"पाडवो होतो ना पण." त्यांना यापलीकडे सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तो खाली बघून पुढच्या घरी गेला.

त्यानंतर सासूबाई बोलायच्या कमी झाल्या. गवत कापायचे दिवस होते, पण सड्यावर आमच्या वाट्याचं गवत तसंच उभं राहून पिवळं पडलं. मी एकदा म्हटलं, मी कापते, गडग्यापलीकडे देऊया. त्यांनी विळा काढून दिला. तेवढंच.

गडग्यावर दूध रोज येत राहिलं. म्हातारीने पैशाचं नाव काढलं नाही, आणि आत बोलावलंही नाही. मी गवताचा भारा तिच्या गडग्याला टेकवून ठेवायची. तो ती चार दिवस उन्हात टाकायची, मगच गायीपुढे. पोरीची टाळू भरली. ती परत रडायला लागली, ओढून ओढून, चांगली.

पण त्या कबरीचं दूध ते केवढं? घाटावरच्या म्हशीच्या एका धारेत जेवढं, तेवढं दोन वेळचं. पोरीचं पोट भरायचं तर पाड्याला काय उरणार? मला ते दिसत होतं. त्याच्या बरगड्या वर आल्या, केस उभे राहिले. तो गवत चघळायचा, पण ते वय नव्हतं त्याचं. मी रोज ठरवायची, आज सांगू, थोडं कमी द्या. आणि रोज गडग्यावरून भरलेला तांब्या उचलून आणायची.

थंडीत एका सकाळी पाडा उठला नाही. मी गेले तेव्हा म्हातारी त्याच्यावर गोणपाट घालत होती. पोरगी माझ्या कडेवर, तिचं सगळं वजन माझ्या हातावर.

"रडतंस कित्याक?" म्हातारी म्हणाली. "पाडो होतो. पाडी असती तर तुका दूध दिलंय नसतंय."

मग तिने तांब्याकडे हात केला. वासरू नसताना गाय पान्हा सोडेल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती गायीच्या मानेला मान लावून किती वेळ बसली, काहीबाही पुटपुटत. तळाला जेमतेम लागेल एवढंच आलं. ते तिने गडग्यावर ठेवलं.

"ह्या आज. आता पेज दी तेका, मऊ करून. खायत."

रोग ओसरला होता, आता पाय कसलेही असले तरी चालत होते, पण ती जवळ आली नाही आणि मीही गडगा ओलांडला नाही. मी ते दूध घरी आणलं. सासूबाईंनी पेज कुस्करून त्यात कालवली. पोरीने खाल्ली.