दुभाषीबाईंनी दिलेलं उत्तर

दुभाषीबाई पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या एका चिनी कंपनीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, नव्या मुलींना चिनी शिकवताना. चिनीत विचारताना 'हायशी' आणि सांगताना 'ह्वोचे', हे मुलींच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. बाई म्हणाल्या, "अगं, आपलं 'की' आणि 'किंवा' तसंच ते. 'चहा की कॉफी' विचारलं तर एकाचं नाव घ्यावं लागतं. आमच्या घरी मात्र नुसतं 'किंवा'. पुढ्यात येईल ते नवरा मुकाट पितो." मुली खिदळल्या.

पुढे तिथल्या चिनी मेकॅनिकचा पाय यंत्रात सापडला. जखम चिघळली, ताप उतरेना, त्याची शुद्ध हरपली. त्याच्या चीनमधल्या बायकोशी फोनवर बोलायला दवाखान्यात बाईंनाच बोलावलं. डॉक्टरांचं तिकडे सांगायचं, तिचं इकडे. मधे पदरचं अक्षर घालायचं नाही, हा बाईंचा आयुष्यभराचा नेम होता.

पाय काढायचा की वाट पाहायची, बाईंनी 'हायशी' लावून विचारलं. उत्तर आलं ते 'ह्वोचे'चं: काढा किंवा राहू द्या, तुम्हाला योग्य वाटेल ते. डॉक्टरांना एकच काहीतरी हवं होतं. वेळ हातातून चालला होता. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, आता हुंदके देत. मग ती म्हणाली, "ताई, तुमचा नवरा असता तर?"

नेमाप्रमाणे हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत जायला हवा होता. 

"मी काढू दिला असता," त्या चिनीत म्हणाल्या.

 पलीकडून अगदी हळू, "बरं."

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा म्हणते."

मेकॅनिक वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं चादरीवरून हात फिरवला, तो सपाट जागेवर अडला. हे कुणी ठरवलं, त्यानं बाईंना विचारलं. डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"तुमच्या बायकोनं."

तो भिंतीकडे वळला. बायकोचा फोन त्यानं नंतर घेतलाच नाही. बाई रोज फोन त्याच्या कानाशी नेत, खरं सांगायचं म्हणून तोंड उघडत, तेवढ्यात तो हात झिडकारून टाकी. एक दिवस कुबड्या घेऊन तो मायदेशी गेला. ते सांगायचं राहूनच गेलं.

बाई आता घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करतात. फोनवरचं काम घेत नाहीत.