मुक्काम वाढला का?

चौसाळ्याच्या स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा तो माणूस प्रत्येक प्रश्न दोनदा वाचतो. एकदा इंग्रजीत, मग आपल्या बोलीत. उत्तर येईपर्यंत दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवतो. मला त्याची गंमत वाटायची.

परवा नातीचा परदेशी शिकायला जाण्याचा व्हिसा फॉर्म भरताना त्यानं विचारलं, "मागं कुठल्या देशात मुदतीपेक्षा मुक्काम वाढला हुता का?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. ती दुबईला तिच्या आत्याकडे गेली होती, तेव्हा आत्याच्या बाळाचं बारसं होईपर्यंत थांब म्हणून फोनवर मीच अडून बसलो होतो. "पाव्हण्याचा मुक्काम वाढला तर काय गुन्हा हाय?" व्हिसाची मुदत संपून नऊ दिवस वर गेले. घरात चूक तिचीच ठरली, आणि मी ठरू दिली.

"न्हाई लिव," मी म्हणालो.

त्याचे हात मांडीवरच. "आजोबा, त्यांच्याकडं नोंद आसती. खरं कारण कागदावर लिवा, मी इंग्रजी करतो."

मी लिहिलं, 'मुक्काम मी वाढवायला लावला.'

त्यानं तेही दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नातीकडे बघून, सावकाश. मग हात कीबोर्डवर ठेवले.